संकेतस्थळांचा जोडधंदा

व्यापाऱ्याच्या घरात जोडधंदा ही काही नवलाची गोष्ट नव्हे. भुसार मालाच्या पेढीवर बसून दुसऱ्या दोन दुकानांच्या कीर्दी-खतावण्या लिहून देणारी मुले आमच्या पिढीने पाहिली आहेत. कापड-दुकानाच्या माडीवर विम्याची कामे चालत, आणि त्या उत्पन्नातून एखाद्या बहिणीच्या लग्नाचा खर्चही भागे. गेल्या काही वर्षांत या जुन्या रीतीत एका नव्या व्यवसायाची भर पडली आहे. इंजिनिअरिंगला किंवा बी. सी. ए. ला असलेला मुलगा गणपत गल्लीत, खडेबाजारात, रविवार पेठेत हिंडतो आणि दुकानदारास म्हणतो, “काका, तुमच्या दुकानाची वेबसाइट करून देऊ का?” शिष्ट मराठीत या वस्तूस संकेतस्थळ असे नाव आहे, बाजारात तिला वेबसाइटच म्हणतात. आम्ही दोन्ही शब्द वापरणार आहोत, वाचकांनी त्याबद्दल रुसू नये.

हा जोडधंदा चांगला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याला भांडवल थोडे लागते, गोदाम लागत नाही, माल पडून राहून खराब होत नाही, आणि बेळगावासारख्या गावात त्याला गिऱ्हाईक पुष्कळ आहे. तथापि आज तो ज्या रीतीने चालला आहे, त्या रीतीने तो फार दिवस टिकणार नाही, असेही आम्हांस वाटते. दोष एका बाजूचा नाही. विकणारी मुले काय विकत आहेत हे नीट सांगत नाहीत, आणि विकत घेणारे आपण व्यापारी, जे दोराच्या रिळाचाही भाव तीन ठिकाणी विचारतो, ते या बाबतीत डोळे मिटून तरी घेतो किंवा फुकट तरी मागतो.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना प्रथम मांडली. पुढे ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने ही सारी विद्या कोणताही मोबदला न घेता सर्व जगास खुली केली. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही तारीख फार मोलाची आहे. त्या दिवशी जर सर्नने प्रत्येक पानामागे रॉयल्टी लावली असती, तर टिळकवाडीतील एखाद्या विद्यार्थ्यास आज हा धंदा करणे परवडलेच नसते. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू केले. म्हणजे हिशेब केला तर ही वस्तू आपल्या देशात येऊन तीस वर्षे झाली. नवी नवी म्हणून तिला भिण्याचे दिवस केव्हाच सरले.

वेबसाइट विकणारा वस्तुतः तीन निरनिराळ्या गोष्टी विकत असतो. एक म्हणजे नाव, ज्याला डोमेन म्हणतात. दुसरी म्हणजे जागा, ज्याला होस्टिंग म्हणतात. आणि तिसरी म्हणजे मांडणी. दुकानाचीच उपमा घ्यावयाची तर पाटीवरचे नाव, गाळा आणि आतली फर्निचरसहित सजावट. गाळा बदलता येतो. सजावट तर दर दहा वर्षांनी बदलावीच लागते. परंतु नाव गेले म्हणजे काय जाते, हे ज्याच्या आजोबांनी पेढी घातली त्याला आम्ही सांगण्याची आवश्यकता नाही. आणि गंमत अशी की, या तिहींतील सर्वांत स्वस्त वस्तू नावच आहे. ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट इन’ नावास वर्षाकाठी साधारण हजार-दीड हजार रुपये पडतात. स्वस्त म्हणूनच त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही.

हे नाव कायमचे विकत मिळत नाही, ही गोष्ट निम्म्या दुकानदारांस ठाऊक नसते. ते मुदतीने मिळते. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी. मुदत भरली आणि पैसे भरले नाहीत की ‘डॉट कॉम’ नावाच्या बाबतीत नोंदणी करणारी कंपनी ते फार तर पंचेचाळीस दिवस सांभाळते; त्यानंतर तीस दिवस ते दंड भरून सोडविता येते; मग पाच दिवस ते कोणाचेच नसते; आणि त्यानंतर ते जगात कोणीही उचलावे! शेतीच्या गहाणखतास निदान शेजारी साक्षीदार असतात. येथे सूचना जाते ती ईमेलने, आणि तीही ज्याच्या नावावर नोंद असेल त्याला.

आमच्या माहितीतील एका कापड-व्यापाऱ्याचे असे झाले. वेबसाइट करून देणारा मुलगा हुशार होता, सालस होता, लबाड मुळीच नव्हता. त्याने सोय म्हणून नाव स्वतःच्याच खात्यावर, स्वतःच्याच ईमेलवर नोंदविले. पुढे त्याला बेंगळूरला नोकरी लागली, कॉलेजच्या दिवसांतला ईमेल त्याने वापरणे सोडले, आणि सूचना त्या बंद पेटीत पडत राहिल्या. दुकानाच्या पिशव्यांवर, बिलांवर, लग्नसराईच्या जाहिरातींत तेच नाव छापलेले. एके दिवशी गोव्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने फोन करून विचारले, “शेठजी, तुम्ही जुगाराचा धंदा केव्हापासून सुरू केला?” कोणी तरी ते सुटलेले नाव उचलून त्यावर ऑनलाइन पत्त्यांच्या जुगाराच्या जाहिराती लावल्या होत्या. ज्या घरात सात पिढ्यांत कोणी पत्त्यांना हात लावला नाही त्या घरावर ही वेळ आली. शिल्लक पिशव्या जाळाव्या लागल्या. नवे नाव घेतले खरे, पण दोन वर्षे गिऱ्हाइके जुन्याच नावावर जात होती.

कायदा या बाबतीत व्यापाऱ्यास अगदीच वाऱ्यावर सोडीत नाही. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफिनेट सोल्यूशन्स या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली असे ठरविले की, डोमेन नाव हा केवळ पत्ता नव्हे. व्यापारचिन्हास जे संरक्षण मिळते तसे संरक्षण त्यालाही मिळू शकते. ‘डॉट इन’ नावांच्या तंट्यांसाठी स्वतंत्र लवादाची व्यवस्थाही आहे. परंतु हजार रुपयांचे नाव सोडविण्यासाठी वकील लावावा, ही काही व्यापारी बुद्धी नव्हे. नाव पेढीच्या नावावर, पेढीच्या ईमेलवर, पेढीच्या फोनवर नोंदवावे आणि त्याचा पासवर्ड तिजोरीत ठेवावा. जो मुलगा याला कां-कू करील त्याच्याकडून वेबसाइट घेऊ नये. मग तो आपला भाचा का असेना.

आता प्रश्न असा की, वेबसाइट हवी कोणाला? येथे आमचे मत विकणाऱ्या मुलांस रुचणार नाही. पुष्कळ दुकानांस ती नकोच आहे. गल्लीतील किराणा दुकानास वेबसाइट कशाला? कुंदा घेणारा गिऱ्हाईक वेबसाइट पाहून येत नाही. तो आपल्या वडिलांनी ज्या दुकानातून नेला त्याच दुकानात येतो. त्या दुकानदारास हवे असते ते एवढेच की, परगावच्या माणसाने फोनवर नकाशा उघडला तर दुकान कोठे आहे, किती वाजता उघडते, कोणत्या वारी बंद असते, हे बिनचूक दिसावे. ही सोय गूगलवर विनामूल्य मिळते. तासाभराचे काम आहे. ते काम करून देऊन त्या तासाचे योग्य ते पैसे घ्यावेत. त्यावर ‘वेबसाइट पॅकेज’ असे भारदस्त नाव घालून पंधरा हजार घेणे म्हणजे पाणपोईचे पाणी बाटलीत भरून विकणे आहे.

याच्या उलट उद्यमबागेतील फाउंड्रीवाल्यास, हायड्रॉलिक्सचे सुटे भाग करणाऱ्यास वेबसाइट अत्यावश्यक आहे. त्याचा खरेदीदार पुण्यास किंवा कोइमतूरास बसलेला असतो. तो रविवार पेठेत चक्कर मारून माल पाहणार नाही. त्याला तुमच्याकडे कोणती यंत्रे आहेत, किती वजनाचे ओतकाम होते, मोजमापाची कोणती साधने आहेत, हे रात्री दहा वाजता आपल्या घरी बसून पाहावयाचे असते. शहापूरच्या साडीच्या व्यापाऱ्यास, मंगल कार्यालयाच्या चालकास, छापखान्यास, दवाखान्यास, लॉजला तिचा उपयोग आहे. आणि नेमके घडते काय? मुले उद्यमबागेत जात नाहीत, कारण तेथे ओळख नसते. ती जातात आपल्या काकांच्या किराणा दुकानात. ज्याला नको त्याला विकतात आणि ज्याला हवे त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. पुढे ते काका सर्वांना सांगत सुटतात की, वेबसाइट म्हणजे पैशांचा चुराडा.

फुकट मिळणाऱ्या वस्तूंच्या भरवशावर धंदा उभारण्याचा आणखी एक दोष अलीकडे दिसून आला. गूगलने लहान दुकानदारांना आपल्या नोंदीबरोबरच एक छोटी वेबसाइट मोफत करून देण्याची सोय ठेवली होती. अनेक मुलांनी तीच करून देऊन पैसे घेतले. २०२४ च्या मार्चमध्ये गूगलने ती सोय बंद केली आणि त्या सर्व वेबसाइटी एकदमच गेल्या. याहूच्या जिओसिटीजचेही २००९ मध्ये असेच झाले होते. परक्याच्या ओसरीवर मांडलेले दुकान मालकाने उठ म्हटले की उठवावे लागते.

दुसरी एक गोष्ट मुलांनी मुळीच विकू नये, ती म्हणजे ‘गूगलवर पहिला नंबर’. असा नंबर पैसे देऊन मिळविण्याचा मार्ग नाही, असे गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात सांगून ठेवले आहे. जाहिरातीची जागा विकत मिळते, तिच्यावर जाहिरात असे लिहिलेले असते, आणि पैसे थांबले की ती जाते. तो व्यवहार वेगळा. एका गल्लीतील चार सराफांना चौघांनाही पहिल्या नंबराचे वचन देणारा एक महाभाग आमच्या पाहण्यात आहे. त्या चौघांनी कधी एकत्र चहा घेतला असता तर त्याची दलाली त्याच दिवशी बुडाली असती.

भावाविषयी आता थोडे बोलले पाहिजे, कारण जमाखर्चावाचून केलेली चर्चा आपल्या वाचकांस पटत नाही. समजा, एका मुलाने बारा हजारांस वेबसाइट करून दिली. नाव आणि जागा यांस वर्षाचे चार हजार गेले. राहिले आठ हजार. तीन वेळा दुकानात जाणे, मालाचे फोटो काढणे, मजकूर लिहिणे, ‘हा रंग नको, तो लावा’ असे पाच वेळा ऐकून घेणे, यांत चाळीस तास सहज जातात. म्हणजे तासाला दोनशे रुपये पडले. यात श्रीमंती नाही. परंतु त्याच मुलाने पुढल्या वर्षापासून देखभालीचे नऊ हजार ठरविले, त्यांतले चार हजार नावाजागेस गेले, तर पाच हजार राहतात. अशी दहा दुकाने असली म्हणजे वर्षाचे पन्नास हजार. दर दुकानामागे महिन्याला एक तास धरला तर वर्षाला एकशेवीस तास. म्हणजे तासाला चारशेहून अधिक. या हिशेबातून असे दिसते की, वेबसाइट करण्यापेक्षा ती राखण्यात दुप्पट मिळकत आहे. आणि मुले मात्र नेमका तोच भाग सोडून देतात! नव्या गिऱ्हाइकामागे धावतात, जुन्याचा फोन उचलीत नाहीत. आपण व्यापारी मंडळींनी त्यांना हे शिकवावयाचे नाही तर कोणी?

शिवाय मांडणीचे काम उत्तरोत्तर स्वस्त होत जाणार हे उघड आहे. वर्डप्रेस २००३ पासून विनामूल्य उपलब्ध आहे, आणि २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून तर तोंडी वर्णन सांगावे आणि यंत्राने पान बांधून द्यावे, इथवर मजल गेली आहे. तेव्हा ‘मला प्रोग्रॅमिंग येते’ एवढ्यावर पैसे मिळण्याचा काळ सरत आला. यंत्र जे करू शकत नाही ते विकावे. ते दुकानात येऊन पैठणीचा काठ उजेडात धरून फोटो काढीत नाही. हॉलची वास्तविक आसनक्षमता किती आणि मालक सांगतो ती किती, यातला फरक त्याला कळत नाही. दिवाळीच्या आदल्या रात्री पान बंद पडले तर ते धावून येत नाही. येथल्या कित्येक कारखान्यांच्या वेबसाइटवर कोटटाय घातलेले गोरे साहेब हस्तांदोलन करताना दिसतात. कारखान्यात त्यांना कोणी कधी पाहिलेले नाही. त्याऐवजी भट्टीपुढे उभ्या असलेल्या आपल्याच मिस्त्रीचा फोटो असता तर खरेदीदाराचा विश्वास अधिक बसला असता, असे आमचे मत आहे.

भाषेचा मुद्दा तर सीमाभागात विशेष महत्त्वाचा. आपले गिऱ्हाईक गोकाकहून येते, चंदगडहून येते, पणजीहूनही येते. तरीही बहुतेक वेबसाइटी केवळ इंग्रजीत असतात. कन्नड, मराठी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत मजकूर द्यावा, आणि तो माणसाने लिहावा. यंत्राकडून करून घेतलेल्या एका मराठी पानावर ‘होम’च्या जागी ‘घर’ आणि ‘कार्ट’च्या जागी ‘बैलगाडी’ असे छापलेले आम्ही पाहिले आहे. साडी निवडून बैलगाडीत टाकावी अशी ती सूचना होती. अशा ठिकाणी ज्याला तिन्ही भाषा घरात बोलता येतात त्या बेळगावच्या मुलास जे जमेल, ते बेंगळूरच्या मोठ्या कंपनीस जमणार नाही. हे आपले भांडवल आहे, आणि ते व्याजाने काढावे लागलेले नाही.

येथे भगिनीवर्गाचा उल्लेख केल्यावाचून आम्हांस राहवत नाही. आपल्या घरांत पदवीधर मुली सुना म्हणून येतात. कोणी कॉम्प्युटरची पदवी घेतलेली असते, कोणी कॉमर्सची. लग्नानंतर त्या विद्येचा उपयोग बहुधा मुलांचा अभ्यास घेण्यापुरता उरतो. देखभालीचे जे काम आम्ही वर सांगितले, ते घरी बसून, दुपारच्या दोन तासांत करता येण्यासारखे आहे. त्यासाठी लागणारी नीटसपणाची आणि शब्द पाळण्याची सवय त्यांच्या अंगी आहेच. एकच पथ्य पाळावे. बिल त्यांच्या नावाने निघावे आणि रक्कम त्यांच्याच खात्यात जमा व्हावी. सासऱ्यांच्या पेढीच्या खात्यात जमा होणाऱ्या पैशाला जोडधंदा म्हणत नाहीत, त्याला वेठ म्हणतात. हे वाक्य काहींना झोंबेल, पण ते आम्ही विचारपूर्वक लिहिले आहे.

झोंबण्याचाच विषय निघाला आहे तर आपल्या सवयीविषयीही बोलावे. पाटी रंगविणाऱ्या पेंटरला आपण ठरलेले पैसे देतो, वर चहा पाजतो. पण वेबसाइट करणारा मुलगा समाजातला निघाला की “अरे, घरचाच आहेस, पैसे काय मागतोस?” असे सहज म्हणून जातो. मुलगा संकोचाने गप्प बसतो, काम अर्धवट टाकतो, आणि आपण म्हणतो, आजकालच्या मुलांना जबाबदारी नाही. मापात खोट नको हा नियम माल देणाऱ्यास आहे, तसा दाम देणाऱ्यासही आहे. निम्मी रक्कम आगाऊ द्यावी, निम्मी काम पाहून द्यावी, आणि पानभर का होईना पण लेखी करार करावा. त्यात नाव कोणाचे, मुदत केव्हा संपते, बिघाड झाल्यास किती दिवसांत दुरुस्ती, आणि संबंध तुटल्यास सर्व पासवर्ड किती दिवसांत परत, एवढे असले म्हणजे पुरे.

मुलांनीही दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी करण्याची सामान्यतः सक्ती नाही. परंतु नोंदणी नाही म्हणून मिळकत लपवावी असा त्याचा अर्थ नव्हे. प्राप्तिकराच्या विवरणपत्रात ती दाखवावीच लागते. आणि जे नोकरीत आहेत त्यांनी आपल्या नेमणूकपत्रात दुसरा व्यवसाय करण्यास मनाई आहे की काय, हे आधी वाचून पाहावे. अनेक कंपन्यांच्या पत्रांत ती असते.

एक सूचना आम्ही संघाच्या कार्यकारिणीपुढे ठेवू इच्छितो. सभासदांच्या नावपत्त्यांची यादी दर वर्षी या स्मरणिकेत छापली जाते. तिच्यात ज्यांच्या वेबसाइट आहेत त्यांची संकेतस्थळेही छापावीत, आणि संघाच्या कचेरीत एक वही ठेवून तीत प्रत्येक नावाची मुदत कोणत्या तारखेस संपते ते लिहून ठेवावे. मुदतीच्या दोन महिने आधी कचेरीतून एक फोन जावा. महिन्याला एक तासाचे हे काम आहे. संघाच्या कारकुनास ते जड जाऊ नये. जड गेलेच, तर बी. सी. ए. च्या एखाद्या विद्यार्थ्यास मानधन देऊन द्यावे. आणि सभासदांनी तोवर वाट न पाहता, येत्या पाडव्यास नव्या वहीचे पूजन करतील तेव्हा पहिल्या पानावर दुकानाच्या भाडेकराराची तारीख जेथे लिहितात, तिच्याच खाली वेबसाइटच्या नावाची तारीखही लिहावी.